चढावर दम सोडलेली गाडी

१

"गाडी थंडी असली का तिले काई इचारू नोको, साधना. अगुदर तापू दे. तापल्यावरच खरं बोलते ते."

माझे वडील नानाजी हे सांगायचे तेव्हा त्यांचा हात बोनेटवर असायचा, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. एस.टी.च्या डेपोत त्यांची उमर गेली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते, आणि पोरांना शिकवताना पुष्कळदा त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून निघतं.

वर्षावास सुरू होता, पावसाळ्यातले बुद्धवंदनेचे तीन महिने. पहाटेची वंदना आटोपून मी मेणबत्ती-अगरबत्ती आवरत होते, तर फाटकाशी नीलाबाई उभी. बोडीटोल्याची. तिचा मुलगा निकेश माझ्या वर्गातून शिकून गेलेला. गावातल्या देवरावांची जुनी डिझेल जीप तो भाड्यानं चालवायचा. मी बोलावलं तरी नीलाबाई आत येईना.

"साधनाबाई, पोराले नेलं पोलिसाईनं."

"काऊन?"

"रिना मेली."

रिना म्हणजे गावातल्या प्रफुलची बायको. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. रोवण्याच्या बांधीत, धान लावताना, तिला नाग चावला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पण तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, श्वास बसत चाललाय, मशीन चंद्रपूरलाच आहे, थांबू नका. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली. म्हणून देवरावांची जीप काढली. मूल गाव सोडल्यावर जंगलातल्या चढावर जीप रखडली. थांबली, निघाली, पुन्हा थांबली. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा रिना नव्हती.

"प्रफुल म्हणते, निकेशनं जाणूनबुजून गाडी थांबवली," नीलाबाई म्हणाली. "लग्नाअगुदर निकेशनं रिनाले मांगणी घातली होती, बाई. तिच्या बापानं नाई म्हटलं. गाव ते विसरलं नाई. उद्या पोराले कोर्टात उभं करतेत. मंग जेल."

"निकेश काय म्हणतो?"

"म्हणते, चढावर गाडीनं दम सोडला." तिनं पदर तोंडाला लावला. "अन् काल पोलिसाईनं तेच गाडी चालवून पाह्यली. मेस्तरी होता संग. बाई, पाखरावानी पळाली."

२

मूलच्या ठाण्याच्या आवारात चिंचेखाली जीप उभी होती. पांढरी, पंधरा पावसाळे खाल्लेली, दाराच्या कडा गंजून जाळी झालेल्या. मागच्या सीटवर ओल्या मातीचा सुकलेला पोपडा होता. बांधीतून उचलून आणलेल्या पायांचा. मी तिकडे फार पाहिलं नाही.

ठाणेदार साहेब सभ्य माणूस. आयटीआयमुळे मला ओळखत. "मॅडम, बघा तुम्ही. तुमचं मत लेखी दिलंत तर बरंच आहे. पण सांगतो, गाडीत काही नाही. जे आहे ते माणसात आहे."

बाजूला बाबुलाल उभा होता. मूलच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. गेल्या उन्हाळ्यात या जीपला त्यानंच जुना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंखा, काढून दुसरा बसवला होता, तोही वापरलेला. त्यामुळे आज तो आधीच तोंड पाडून होता.

"बाई, तुम्ही पण मलेच धराल," तो म्हणाला. "टर्बोचं नाव निघालं का सारे बाबुलालकडे पाहतेत. घ्या, हातानं फिरवून पाहा."

मी फिरवून पाहिलं. पंखा हलका फिरत होता, खेळ नव्हता, तेल नव्हतं. टर्बोची दांडी बोटानं ओढली. गेली आणि परत आली. बाबुलालनं गाडी चालू केली, तशी तीच दांडी आपोआप खाली ओढली गेली. म्हणजे हवेची ओढही येत होती. ठाण्यासमोरच्या रस्त्यावर मी स्वतः एक फेरी मारली. जीपनं सीटला पाठ चिकटवली.

"झालं समाधान?" ठाणेदार.

"हो," मी म्हणाले. "गाडी आत्ता चांगली आहे."

"आत्ता म्हणजे?"

मी म्हटलं, मला निकेशला भेटू द्या.

निकेश कोपऱ्यात बसला होता. मला पाहून उठला, वर्गात उठायचा तसाच. त्याची दाढी वाढली होती, आणि गालावर कोणाच्या तरी बोटांचे वळ होते. गावातले की इथले, ते मी विचारलं नाही.

"निकेश, मले फकस्त गाडीचं सांग."

त्यानं गालावरून हात फिरवला. मग म्हणाला, "प्रफुल खोटं नाई बोलून राह्यला, मॅडम. गाडी मीच थांबवली. दर वेळी मीच."

३

"काऊन थांबवली?"

"चढ लागला अन् गाडी बसली. पाय पुरा दाबला तरी उचल नाई. काळा धूर. पिवळा दिवा लागला. तुम्हीच शिकवलं होतं, मॅडम, कंप्युटरले काही बिघाड दिसला का तो इंजिनाचा हात आखडून धरते. चावी बंद करून चालू केली तं विसरते. म्हणून बाजूले घेतली, बंद केली, चालू केली. पळाली. थोडी पळाली. मंग पुन्हा तेच."

"बोनेट उघडलं होतंस?"

"एकदा. बंद करून उघडलं. सगळ्या नळ्या हातानं चाचपल्या. कोणती निघाली नव्हती, कोणती फाटली नव्हती. बोटाले गोल लागत होत्या." त्यानं हात पुढे केला, जणू त्या नळ्या अजून तिथे होत्या. "मांगून प्रफुल ओरडून राह्यला होता, थांबू नोको, थांबू नोको. अन् मले वाटे, थांबलो नाई तं ही बैलगाडीवानी जाईल. चूक केली का मी?"

"ब्रेक कसा होता?"

त्याला प्रश्न समजला नाही. "ब्रेक?"

"जड झाला होता का? दगडासारखा?"

"नाई. एकदम हलका. नेहमीसारखा."

मी ते मनात ठेवलं. या जुन्या डिझेल गाड्यांत एक पंप असतो. तो हवा फुंकत नाही, ओढतो. त्याच्या ओढीवर ब्रेक हलका होतो. त्याच ओढीचा एक वाटा बारक्या नळीतून एका झडपेकडे जातो, आणि झडप तो जोखून टर्बोच्या दांडीला देते. दांडी ओढली गेली तरच टर्बो इंजिनात हवा भरतो. नळी फाटली तर ओढ वाया जाते, टर्बो झोपतो, पण मग ब्रेकही जड होतो. इथे टर्बो झोपला होता आणि ब्रेक जागा होता.

उठताना निकेश हळूच म्हणाला, "मॅडम, रिनानं एकदा डोळे उघडले होते. आरशातून मले दिसलं. तिले वाटलं असंल काय, का मी मुद्दाम..."

"मले माहीत नाई, निकेश."

दुसरं काही सांगता आलं असतं. पण खोटं न बोलण्याचं शील मी रोज सकाळी घेते, आणि ते अशा वेळी सोडायचं असेल तर घ्यायचंच कशाला.

४

बोडीटोला तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली, वसलेलं. गाव ढिवरांचं, पोट तलावावर. प्रफुल मच्छीमार सोसायटीचा सचिव होता. त्याच्या घरापुढे माणसं बसून होती. डोकं भादरलेला प्रफुल ओसरीच्या कडेला पोत्यावर बसला होता. सुतकामुळे त्याला शिवायचं नव्हतं, आणि त्यालाही दहावीपर्यंत, दहाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत, गावाची शीव ओलांडायची नव्हती. ओसरीच्या मेढीला जाळी टांगलेली, तिथंच मत्स्यबीजाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्यांचा गठ्ठा, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर आणि पारदर्शक नळीचं एक भेंडोळं. पावसाळ्यात तलावात बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडतात, त्याचं सामान.

"तुम्ही निकेशच्या मॅडम," तो म्हणाला. "त्याले सोडवाले आल्या."

"काय झालं ते समजून घ्यायले आली, भाऊ."

"समजाचं काय आहे त्याच्यात? माझ्या मांडीवर तिचं डोस्कं होतं. तिचा श्वास लहान लहान होत चालला होता. मी तिच्या तोंडाजवळ कान लावून बसलो होतो. अन् हा चावी फिरवत होता. बंद कर, चालू कर. बंद कर, चालू कर. बोनेट उघडून वारा खात उभा राह्यला."

"तुम्ही खाली उतरून पाहिलं नाही?"

"तिले सोडून?"

मी मान खाली घातली.

"तिनं त्याले नाई म्हटलं नव्हतं, तिच्या बापानं म्हटलं होतं," प्रफुल म्हणाला. "तिनं मलेच सांगितलं होतं हे. हासून सांगितलं होतं. मी पण हासलो होतो. माणूस इतकं धरून ठेवते, मले काय माहीत."

बसलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "गाडी चांगली होती नं पण. आठ रोज झाले नसतील, बीज आणलं तिच्यातच. एक मासोळी नाई मेली."

"तेव्हा निकेश चालवत होता?" मी विचारलं.

"नाई," प्रफुल म्हणाला. "निकेशले ताप होता. देवरावभाऊनं सोता चालवली. मी संग होतो."

त्यानं ते काहीही न लपवता सांगितलं. मी उठले आणि देवरावांच्या घराकडे निघाले.

५

देवराव धानाच्या पेंढीवर बसून बिडी ओढत होते. जीपची चिंता त्यांना रिनापेक्षा कमी नव्हती, आणि ते लपवण्याइतके ते लबाड नव्हते.

"बाई, गाडी जप्त झाली. ड्रायव्हरचं पाप अन् मालकाले ताप."

"देखभाल कधी केली होती?"

"देखभाल म्हंजे? चालत होती नं."

"बीज आणलं त्या दिवशीही चालत होती?"

"त्या दिवशी..." त्यांनी बिडी बाजूला धरली. "त्या दिवशी भुताटकीच झाली थोडी. येताना अर्ध्या वाटेवर ब्रेक एकदम दगड. दोन्ही पाय देऊन उभा राह्यलो तवा गाडी थांबली. अन् ओढही नाई. पाणी भुरभुर सुरू. मी म्हटलं, आता बीज मेलं. सोसायटी मले खाते. ढाब्याजवळ टेकवली. मी चहा प्यालो, भजे खाल्ले. परत आलो, चालू केली, तं ब्रेक लोणी. गाडी फर्रकन निघाली."

"आपोआप बरी झाली?"

"आपोआपच म्हणा लागंल. मी तं हात नाई लावला."

"तुम्ही चहा पीत होतात तेव्हा गाडीजवळ कोण होतं?"

"प्रफुल. बीज सोडून तो कुठी हालते? पिशव्याईवर पाणी शिपत बसला होता."

"त्यानंतर लांब गेली का गाडी?"

"कुठी? बजार, रोवण्याच्या बाया, बस. पाणीच किती होतं. ऊन पडलं तेच मुळात रिनाच्या दिवशी."

मी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. परत जाताना पाळीवरून जावं लागतं. पाळीवरून प्रफुलची ओसरी दिसते. मी मान वळवली नाही.

पण अजून माझ्याकडे अंदाजच होता. अंदाजावर एकाला सोडवायचं म्हणजे दुसऱ्याला अडकवायचं. आधी गाडीला विचारायला हवं होतं, आणि आवारात सगळ्यांनीच तिला थंड असताना विचारलं होतं. मीसुद्धा.

६

"तांदळाची पोती?" ठाणेदार म्हणाले.

"त्या दिवशी गाडीत जेवढी माणसं होती तेवढं वजन. आणि गाडी आधी उन्हात चालू ठेवून उभी करायची, बोनेट बंद. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात ती तशीच उभी असणार."

मूलच्या राइस मिलमधून पोती आणली. पावसानं उघडीप दिली होती. डांबरावरून वाफा निघत होत्या. जीप चालू ठेवून आम्ही सावलीत उभे राहिलो. बाबुलाल कुरकुरला, "बाई, डिझेल जाळून राह्यल्या फकस्त." मग ठाणेदार पुढे, बाबुलाल मागे पोत्यांत, आणि मी चालवायला.

पहिला चढ जीपनं खेळत घेतला. दुसराही. ठाणेदारांनी घड्याळ पाहिलं. दोन्ही बाजूंना साग, मध्ये रस्ता, कोणी नाही.

"मॅडम, ठीक आहे आता," ते म्हणाले. "तुम्ही प्रयत्न केलात."

तिसऱ्या चढाच्या मध्यावर पाय खाली होता आणि गाडी मात्र मागून कोणी धरल्यासारखी बसत गेली. इंजिनाचा आवाज पोकळ झाला. आरशात काळा धूर. पिवळा दिवा. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि मागे वळून पाहत राहिला.

 मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

बाबुलालनं मागून वाकून चावीकडे हात नेला. मी तो धरला. "बंद नको करू. निकेशनं बंद करून पाहिलं म्हणून त्याला काही दिसलं नाही. बोनेट चालू गाडीवर उघड."

टर्बोकडे जाणाऱ्या हवेच्या जाड पाइपाखाली, जिथं हात घातला तर चटका बसतो तिथं, काळ्या नळीच्या मध्ये वीतभर तुकडा वेगळा होता. पारदर्शक, उष्णतेनं पिवळा पडलेला. आणि तो गोल नव्हता. पायजम्याच्या नाडीसारखा चपटा झाला होता, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या. दांडी वरच राहिली होती, ढिली.

"आता बंद कर," मी म्हणाले.

इंजिन थांबलं. त्या शांततेत आम्ही तिघं वाकून पाहत होतो. थोडा वेळ काही झालं नाही. मग त्या तुकड्यानं हळूच श्वास घेतल्यासारखं केलं, फुगला, आणि पुन्हा गोल झाला. बोटाला लागला असता तर अगदी चांगला लागला असता.

बाबुलाल मागे सरकला. "माझ्या गॅरेजात असला पाईप नाई, साहेब. मायची शपथ. ओढीच्या नळीत आतून कापड असते."

"मग कोणाच्या गॅरेजात असतो?" ठाणेदारांनी मला विचारलं.

७

परत येताना मी त्यांना समजावून सांगितलं. ही नळी हवा आतून बाहेर ढकलणाऱ्या कामासाठी बनलेली. तो दाब ती सोसते. पण हिला आतून ओढलं, आणि वर गरम केलं, तर ती मऊ होऊन मिटते. थंडीत उघडी, पावसात उघडी, गावातल्या गावात उघडी. भर उन्हात, भरल्या गाडीत, चढावर ती बंद. गळती नाही, म्हणून ब्रेक हलका. गाडी बंद केली की ओढ जाते आणि वाट पुन्हा खुली होते, म्हणून दर वेळी थोडी पळाली. निकेश जे जे बोलला ते सगळं या तुकड्यानं खरं केलं.

"किंवा हा तुकडा त्यानंच टाकला," ठाणेदार म्हणाले. "तुमचाच विद्यार्थी. त्याला हे सगळं ठाऊक. मॅडम, मी वाईट बोलत नाही, उद्या वकील हेच बोलेल. कोणी लावला हे कळल्याशिवाय तो सुटत नाही."

ते खरं होतं.

"जुनी नळी फुटली त्या दिवशी ब्रेक जड झाला होता," मी म्हणाले. "बीज आणलं त्या दिवशी. तेव्हा निकेश तापानं घरी होता. गाडी ढाब्यावर उभी राहिली आणि निघाली तेव्हा ब्रेक बरा होता. मधल्या वेळात कोणीतरी फुटका भाग कापून हा तुकडा बसवला."

"देवराव?"

"ते चहा पीत होते."

ठाणेदार माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी काच खाली केली आणि बाहेर पाहू लागले. रिनाच्या मृत्यूची फिर्याद त्यांनीच लिहून घेतली होती, आणि फिर्याद देणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक होतं.

"मला आधी जाऊ द्या," मी म्हणाले. "पोलीस दारात जाऊन सांगतील तर ते वेगळं होईल."

"त्याच्यावरही काहीतरी लागेल, मॅडम. निष्काळजीपणाचं. मला सोडता येणार नाही."

"हो. तेही सांगते त्याला."

"आणि त्यानं नाही म्हटलं तर?"

८

ओसरीवरची माणसं जेवायला पांगली होती. मी पोत्यापासून अंतर ठेवून जमिनीवर बसले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं निरुपयोगी झालं.

"प्रफुलभाऊ, ढाब्याजवळ गाडी उभी होती तेव्हा तुम्ही बोनेट उघडलं होतं?"

"हो," तो म्हणाला. लगेच. त्याच्या चेहऱ्यावर अजून काही नव्हतं. "वाटेनं फुस फुस वाजत होतं कुठीतरी. बीज अर्धं उलटं व्हायले लागलं होतं. पाह्यलं तं एक नळी उंदरानं कुरतडलेली. माझ्याजवळ भेंडोळं होतंच. तेवढा तुकडा कापला अन् खुपसला. सिलिंडरची हवा सोसते तो पाईप, बाई, याच्या बापाले काय होते. देवरावभाऊले सांगितलं पण नाई, चार शब्द आयकावे लागले असते, माझ्या गाडीले हात काऊन लावला म्हणून. रिनाले सांगितलं फकस्त. ते म्हणे, आता मेस्तरी झाले तुम्ही, जाळं सोडा अन् गॅरेज..."

तो थांबला.

मी फक्त बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीच्या मेढीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि मला दिसलं की त्याला कळत चाललंय. हे पाहू नये असं वाटलं तरी मी पाहत राहिले. त्याला एकटं सोडून डोळे वळवणं बरं नव्हतं.

"चढावर?" त्यानं विचारलं.

"ऊन होतं. गाडी भरलेली होती. तापली का ते नळी आत मिटते. बंद केली का उघडते. म्हणून निकेश बंद करत होता."

"म्हणून तो बंद करत होता," प्रफुल म्हणाला.

तलावाकडून थाप्यांचा आवाज येत होता. कोणीतरी धुणं धूत होतं. प्रफुलनं दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले होते. ज्या मांडीवर तिचं डोकं होतं.

"गाडी नसती बसली तं वाचली असती काय?"

"मले माहीत नाई. डॉक्टरलेही नाई सांगता येणार."

"मंग मीच मारलं."

"तुम्ही नळी लावली. मारायले नाई लावली. पण लावली तुम्ही, अन् आत निकेश बसून आहे. ठाणेदार म्हणाले, सांगितलं तर तुमच्यावरही कलम लागंल. हे मी लपवत नाई."

"अन् मी नाई म्हटलं तं? मी नाई लावली म्हटलं तं?"

"तं मी काय समजली ते लिहून देईन. कोर्ट मानंल का नाई मानंल. निकेश तोवर आत राहील."

त्यानं विचार केला असेल. तेवढा हक्क त्याला होता. एक कुत्रं अंगणात आलं, पोत्याचा वास घेऊन गेलं.

"काल मी नीलाबाईच्या दारात गोटा मारला," तो शेवटी म्हणाला. "घरात म्हातारी एकटी होती. मले माहीत होतं."

मग तो उठला. आतून त्याची सासू, रिनाची आई, बाहेर आली, तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही. ती म्हणाली, "कुठी चालले? दहावी झाल्याबिगर शीव नाई ओलांडत. तिचा जीव अटकते, बापा."

"येतो," प्रफुल म्हणाला.

तो नीलाबाईच्या घरापुढे गेला आणि अंगणाच्या बाहेरच थांबला, सुतकामुळे. तिनं दार अर्धं उघडलं. त्याला पाहून ती दाराआड झाली, एका हातानं कडी धरून.

"मावशे," तो म्हणाला, "निकेशची काही चूक नाई. मी लावलेल्या पाईपानं झालं. पोराले मी घरी आणून देतो."

 नीलाबाईनं कडी सोडली आणि दार पूर्ण उघडलं.

मी म्हटलं, थांबा, आयटीआयच्या गाडीवाल्याला बोलावते, मूलपर्यंत सोडेल. प्रफुलनं मान हलवली. त्याच्या पायात चप्पल नव्हती. सुतकात घालत नाहीत. तो पाळीवर चढला. खाली पाण्यात जाळं ओढणाऱ्यांपैकी एकानं मान वर करून विचारलं, "अबे प्रफुल, कुठी?"

"ठाण्यात," तो म्हणाला, आणि शिवेवरच्या मोहाच्या झाडाकडे चालत गेला.